कंबर-गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी टेन्सचं मशीन: बडोद्यात घेण्याआधी

दुखणं तीन महिन्यांपुढे गेलं की दिवसाचं वेळापत्रक तेच ठरवू लागतं. दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा उभा जिना दिवसातून एकदाच चढायचा, भाजी एका फेरीत आणायची, पूजेला पाट सोडून खुर्ची घ्यायची. हालचाल कमी झाली की स्नायू कमकुवत होतात आणि तेच दुखणं आणखी वाढतं. टेन्सच्या, म्हणजे त्वचेवर पॅड लावून सौम्य वीज देणाऱ्या, मशीनची खरी परीक्षा इथे आहे: अर्धा-पाऊण तास हालचाल सोपी करून देतं का?

मशीन खिशात मावेल एवढं असतं: दोन चॅनेल, चार वायरी, साधारण ५ बाय ५ सेंटीमीटरचे चिकट पॅड. पॅडमधून त्वचेत सौम्य वीज जाते, झिणझिण्या येतात आणि मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशाला अडथळा होतो. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट’ सिद्धांतावर हे उभं आहे.

घेताना फ्रिक्वेन्सी (सेकंदाला विजेचे किती स्पंद, हर्ट्झमध्ये) आणि पल्सची रुंदी (एक स्पंद किती वेळ टिकतो, मायक्रोसेकंदांत) आकड्यांत बदलता येते का, हे आधी पाहा. ज्या मशीनवर नुसती ‘थापटणे’, ‘मळणे’, ‘कपिंग’ अशी चित्रं असतात, त्यावर आपण नेमकं काय देतोय हेच कळत नाही. अशी मशीनं घेऊ नयेत, कितीही स्वस्त मिळाली तरी.

रोजच्या वापराला ८० ते १२० हर्ट्झ, १०० ते २०० मायक्रोसेकंद. कंबरेसाठी पॅड मणक्याच्या दोन्ही बाजूंना, हाडावर नव्हे. गुडघ्यासाठी वाटीच्या वर आणि खाली. दोन पॅडांत निदान तीन सेंटीमीटर अंतर हवं. मशीन बंद ठेवून पॅड लावायचे, मग जोर हळूहळू वाढवायचा. झिणझिण्या जोरदार पण सोसवतील अशा हव्यात. स्नायू उडायला लागला तर जोर जास्त झाला. पाच-दहा मिनिटांत शरीर सरावतं, तेव्हा एक पायरी वाढवा. ३० ते ४५ मिनिटं पुरेत. रोज तीच सेटिंग ठेवली तर काही दिवसांत परिणाम बोथट होतो, म्हणून मधूनमधून २ ते ४ हर्ट्झवरही चालवावं. त्यात स्नायूंचे ठोके जाणवतात, ते अपेक्षितच आहे.

बहुतेक तक्रारी मशीनच्या नसतात, पॅडच्या असतात. आपल्याकडे आधी बाम किंवा तेल चोळायची सवय. त्यावर पॅड चिकटत नाही, आणि बामावरून वीज गेली की त्वचा चुरचुरते. साबणाने धुऊन कोरडी केलेल्या त्वचेवरच लावा. बडोद्याच्या मे महिन्यात घामाने कडा सुटतात, मग सगळी वीज उरलेल्या छोट्या भागातून जाते आणि सुई टोचल्यासारखं होतं. पंख्याखाली बसून लावलं तर बरं. काम झालं की पॅड त्याच्या प्लॅस्टिकवर परत चिकटवून बंद पिशवीत ठेवायचे. जेल सुकलं तर बोटाने पाण्याचा एक थेंब फिरवून बघा. तरी चिकटत नसेल तर टाकून द्या. टेपने चिकटवून चालवू नका.

आता कौल. ब्रिटनमध्ये उपचारांचे सल्ले ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी टेन्स देऊ नये, असं २०२१ मध्ये सांगितलं, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. हे मनात ठेवूनच पैसे खर्चावेत. पण फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर जुनाट दुखण्याचा आजार) २०२० च्या एका चाचणीत हालचालीच्या वेळचं दुखणं टेन्सने कमी झालेलं दिसलं. म्हणून मशीन लावून पडून राहणं म्हणजे ती अर्ध्या तासाची सोय वाया घालवणं. पॅड लावून मांडीचे व्यायाम करा, जिन्याची सवय करा, कमाटीबागेत दहा मिनिटं चाला, आणि बरं वाटतंय म्हणून एकदम चाळीस मिनिटं चालू नका. तसं केलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. गोळ्या सुरू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पेसमेकर असेल तर हे मशीन नको. गरोदरपणात किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गळ्याच्या पुढच्या भागावर आणि जखमेवर कधीच नाही. मधुमेहाने पाय बधिर असतील तर जोर किती झाला तेच कळत नाही आणि त्वचा भाजते. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर मशीन शोधू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सर्जिकलच्या दुकानात मशीनआधी सुटे पॅड आहेत का ते विचारा. वीस-तीस वापरांनंतर ते लागतातच, आणि पिनेचा आकार वेगळा निघाला तर दुसऱ्या कंपनीचे बसत नाहीत. सुटे पॅड घ्यायला जाताना वायर सोबत नेऊन तिथेच जोडून बघा.