लायनेल ७३६ बर्कशायर: धुराच्या लिक्विड किटचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

१९५० मध्ये आलेलं हे खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन आजही सुरेख ओढतं. धुराच्या मूळ गोळ्यांऐवजी तेलाच्या थेंबांवर धूर काढणारं लिक्विड किट मी त्यात बसवलंय. धूर मात्र रुसतो, आणि तो रुसला की सगळे आधी धूर तयार करणारा हीटर बदलतात. बहुतेक वेळा हीटर निर्दोष असतो. दोष असतो धुराच्या डब्याच्या तळाशी असलेल्या बारीक भोकात. चाकांबरोबर वरखाली होणाऱ्या दट्ट्याने ढकललेली हवा तिथूनच वर येते. भोक बुजलं की धुराड्यातून नुसती आळशी वाफ वर येत राहते, भकभक होत नाही.

तपासणी सोपी आहे. मीटरचं एक टोक हीटरच्या वायरला, दुसरं सांगाड्याला लावायचं. रीडिंग आलं तर हीटरमधली नायक्रोमची तार शाबूत आहे. मग धुराड्यावर टिश्यूचा कपटा धरून दट्ट्याचा लिव्हर स्क्रू-ड्रायव्हरने हलवायचा. चाकं हाताने फिरवू नयेत, मोटरच्या वर्म गिअरमुळे (मळसूत्री दातेचक्रामुळे) ती फिरतच नाहीत. कपटा हलला नाही तर भोक बुजलंय किंवा दट्ट्या चिकटलाय.

जुन्या गोळ्यांचं राखाडी मेण हेअर ड्रायरने मऊ करून लाकडी काडीने खरवडावं. भोक बारीक तारेने मोकळं करावं, पण मोठं करू नये. दट्ट्या आणि सिलिंडर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडेच बसवावेत. तिथे तेल घातलं की चिकटा पुन्हा धरतो. दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली आला पाहिजे.

किटमध्ये २७ ओहमचा हीटर आणि फायबरग्लासचा कापूस आला. झाकणाखालची फट बंद करणारा गॅस्केट नव्हता, ही विक्रेत्याची कंजुषी चीड आणणारी आहे. फटीतून हवा निसटली तर भोक साफ करूनही काय उपयोग? कापूस हीटरला खालून टेकावा, भोकावर येऊ नये. हीटर डब्याच्या धातूला कुठेही लागू देऊ नये, नाहीतर शॉर्ट होतं.

सुरुवातीला धूर इतका कमी होता की जुन्या गोळ्याच बऱ्या वाटल्या. आता मत बदललंय, कारण फरक व्होल्टेजचा होता. २७ ओहमला १० व्होल्टवर ३.७ वॉट मिळतात, १४ व्होल्टवर ७.३, म्हणजे जवळजवळ दुप्पट. एकटं इंजिन कमी व्होल्टवर धावतं, म्हणून धूर मरतुकडा. गाडीला मागे चार डबे जास्त जोडले, व्होल्टेज चढवलं, की धुराड्यातून ठोक्याठोक्याला दाट पुंजके सुटतात. ते बघून मन भरून येतं.

कापूस एकदा भिजला की प्रत्येक वेळी धुराच्या तेलाचे चार-पाच थेंब पुरतात. थेंब टाकल्यावर धुराड्यात हलकेच फुंकावं, तोंडाशी साचलेला तेलाचा पडदा फुटतो. इंजिन न्यूट्रलमध्ये, म्हणजे मोटर बंद ठेवून, उभं असताना रुळांत करंट ठेवू नये. दट्ट्या थांबलेला असल्याने उष्णता बाहेर जात नाही आणि कापूस करपतो. काळा पडलेला कापूस तेल धरत नाही, तो सरळ बदलावा. संपूर्ण किट पुन्हा घेऊ नका, सुटा कापूस आणि गॅस्केट एवढंच मागवा.