पेपर आधी कुठं टाकावा: प्रीप्रिंटवर की थेट जर्नलकडे?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गुलियन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो आपल्या सोलापुरात. त्याच सुमारास होटगी रोडवर चहा घेताना एका ज्युनिअरनं विचारलं, "सर, आपल्याकडचा डेटा लिहून काढला तर आधी मेडआर्काइव्हवर टाकू की सरळ जर्नलला पाठवू?" हा घोळ मी स्वतः कोविडमध्ये घातलेला आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो. मेडआर्काइव्ह ही वैद्यकीय पेपर तपासणीआधीच सर्वांसाठी खुले ठेवणारी साइट, अशा पेपरला प्रीप्रिंट म्हणतात. जर्नल मात्र आधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून, म्हणजे रिव्ह्यूअरकडून, तपासून घेतं आणि मग छापतं. ही तपासणी म्हणजे समीक्षण.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हाताशी एक-दोनच रुग्ण असतील तर निवड करायचा प्रश्नच येत नाही. मेडआर्काइव्ह केस रिपोर्ट घेत नाही, जर्नलच गाठावं लागतं. आणि एथिक्स कमिटीचं, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीचं, पत्र दोन्हीकडे लागतं. आपल्या छोट्या खाजगी दवाखान्यांचं घोडं बहुतेक वेळा तिथंच अडतं.

आमचं काम साधं होतं. 2020 च्या उन्हाळ्यात पूर्व भागातून आलेले रुग्ण, त्यात यंत्रमागावरचे कामगार बरेच आणि विडी वळणाऱ्या बायकाही. केसपेपर गोळा करून, रात्री जागून एक्सेल भरलं. नोव्हेंबरात एका जर्नलला पाठवलं. नाव सांगत नाही, चांगलं जर्नल आहे.

मला टीकेचं भय नव्हतं. रिव्ह्यूअरनं आमचं आकडेशास्त्र सोलून काढलं असतं तरी चाललं असतं, शिकलो असतो. पण पोर्टलवर रोज एकच ओळ दिसायची: 'रिव्ह्यूअर्स इन्व्हायटेड'. म्हणजे निमंत्रणं गेली, वऱ्हाड काही येईना. डिसेंबर गेला, गड्ड्याची जत्रा नसलेली ती सुनी संक्रांत गेली, तरी ओळ तीच. शिवाय एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचं हा नियम, म्हणून दुसरीकडेही नेता येईना. दागिना गहाण पडावा तसा पेपर पडून होता. एप्रिल 2021 मध्ये, नातेवाईक ऑक्सिजन बेडसाठी फोनवर फोन करत असताना, मेल आला: या विषयावरचे लेख फार येतात, आपला स्वीकारता येत नाही. पाच महिन्यांत तो कुणी वाचला तरी होता का, हे मला आजही ठाऊक नाही. तो नाकारला गेला याचं मला फारसं काही वाटलं नाही. मधल्या काळात तो कुणालाच वाचता आला नाही, हे मात्र आजही खटकतं.

मग प्रीप्रिंट. आठवड्याभरात पेपर दिसायला लागला, डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, मिळाला, पैसा लागला नाही. दुसऱ्या राज्यातल्या एका अनोळखी डॉक्टरांनी तक्ता तीनमधली एककाची चूक दाखवली. रिव्ह्यूअरनं करायचं काम कुणीतरी फुकट केलं. आम्ही दुरुस्त आवृत्ती टाकली.

पण दुसरी बाजूही आहे. पहिल्या आवृत्तीतल्या त्याच तक्त्याचा स्क्रीनशॉट कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला होता. एका रुग्णाचा मुलगा मोबाइल पुढं करून म्हणाला, "डॉक्टर, हे इंजेक्शन द्या की ओ, यात लिहिलंय." पेपर माझाच होता. 'समीक्षण झालेलं नाही, उपचारासाठी वापरू नये' ही वरची ताकीद स्क्रीनशॉटात कापली गेली होती. आणि प्रीप्रिंट एकदा टाकला की पुसता येत नाही. मागे घेतला तरी त्याची खूण राहते.

समीक्षणाचा शिक्का असला की भरवसा, असंही म्हणवत नाही. लॅन्सेट या नामांकित जर्नलमधला, कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा 96,032 रुग्णांचा पेपर 22 मे 2020 ला आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला. उलट दिल्लीच्या संशोधकांचा कोरोना विषाणूत एचआयव्हीचे तुकडे सापडल्याचा प्रीप्रिंट वाचकांनी असा धुतला की लेखकांनीच दोन-तीन दिवसांत मागे घेतला. डेक्सामेथासोननं कोविडचे मृत्यू कमी होतात हा निकाल जून 2020 मध्ये प्रीप्रिंटवर होता, न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला 17 जुलैला. तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं हे स्वस्त औषध. त्यासाठी तेवढे आठवडे थांबायचं का?

प्लाझ्माचं, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याचं, उदाहरण मात्र माझ्याच अंगावर येतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या चाचणीचा निकाल, 39 रुग्णालयं आणि 464 रुग्ण, सप्टेंबर 2020 मध्येच प्रीप्रिंटवर होता: मृत्यू कमी होत नाहीत. ऑक्टोबरात तो बीएमजे या जर्नलमध्ये छापूनही आला. तरी पुढच्या उन्हाळ्यात आम्ही प्लाझ्मा दात्यांचे नंबर शोधतच होतो. मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे 2021 मध्ये. इथं जर्नलला दोष देता येत नाही, वाचायचं आम्हीच टाळलं.

तर ज्युनिअरला मी काय सांगितलं? बढतीसाठी पेपर मोजून घ्यायचे असतील तर जर्नलला पर्याय नाही, प्रीप्रिंट तिथं धरत नाहीत. पण साथ चालू असेल तर, माझ्यापुरतं सांगतो, मी आधी प्रीप्रिंट टाकीन आणि त्याच आठवड्यात जर्नलकडे पाठवीन. उलट क्रमात धोका आहे, कारण जर्नलनं एकदा स्वीकारला की मेडआर्काइव्ह तो पेपर घेत नाही. बहुतेक मोठी जर्नल्स प्रीप्रिंटला हरकत घेत नाहीत, तरी आपल्याकडच्या जर्नलच्या सूचना आधी वाचून घ्याव्यात.

आणि दोन गोष्टी चहाचे पैसे देताना सांगितल्या. शीर्षकात औषधाचं नाव घालू नकोस. आणि प्रत्येक तक्त्याच्या आत, अगदी मधोमध, लिही: समीक्षण बाकी. कापायचं म्हटलं तरी कापता येऊ नये असं.