खोक्याची पट्टी फाटलेलीच नव्हती: फ्रिज दुरुस्तीत माझे 8,200 रुपये कसे गेले

8,200 रुपये. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 24 वर्षं गणित शिकवते, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या एका पोराने मला माझ्याच अंगणात, दिवसाढवळ्या लुटलं. हे लिहायला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. घरातल्यांना मी खरा आकडा सांगितला नव्हता, साडेतीन हजार गेले असं सांगितलं होतं. आता सगळं लिहिते, कारण त्याच पद्धतीने आमच्या शाळेतल्या आणखी एका बाईंचं वॉशिंग मशिन 'दुरुस्त' झालंय. मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर त्यांचे तरी पैसे वाचले असते.

21 एप्रिल, सोमवार. सकाळची शाळा करून घरी आले तर फ्रिजखाली पाण्याचं थारोळं. आतला दिवा लागतोय, पण थंडावा नाही. मागच्या बाजूने दर चार-पाच मिनिटांनी 'टक्' असा आवाज, जरा वेळ घूंऽऽ आणि पुन्हा 'टक्'. हा आवाज लक्षात ठेवा, याच आवाजाचे 8,200 झाले.

परभणीतला एप्रिल कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. पारा चाळिशीच्या पुढे आणि दुपारी व्होल्टेज असं पडतं की पंख्याची पाती मोजता येतात. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. ते 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं आणि महिन्याचा पुरवठा नुकताच आणलेला. शेजारचे लग्नाला गावी गेलेले, घराला कुलूप. मी इन्सुलिन स्टीलच्या डबीत घालून, डबीला ओलं फडकं गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवलं आणि दर तासाला फडकं ओलं करत बसले. मिस्टर नोकरीला हिंगोलीला, मुलगा पुण्यात. परीक्षा चालू, पेपरांचे गठ्ठे घरी. घाई का केली असं मला आतापर्यंत दहा जणांनी विचारलंय. म्हणून केली.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आठ वर्षं झाली, टाकून दे, नवा घे." तसाच दोन दारांचा नवा फ्रिज 27,000 च्या घरात. मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. आमचा फ्रिज 2017 च्या पाडव्याला घेतलेला, आठ वर्षांत एकदाही मिस्त्री लागला नाही. चालत्या वस्तूला एक पार्ट बदलून आणखी पाच वर्षं काढायची, यात काय चुकलं? दुरुस्ती करायचं ठरवलं हे बरोबरच होतं. दुरुस्तीला कुणाला बोलावलं, तिथे माती खाल्ली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मामू आहेत. टपरीएवढं दुकान, तीस वर्षांपासून फ्रिज-कूलर दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गेले नाही, कारण मनात आलं की बाहेरचा मिस्त्री डुप्लिकेट पार्ट टाकेल, आपण कंपनीचाच माणूस बोलवू. मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर परभणी' असं टाकलं, सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. पलीकडून बाईचा गोड आवाज, तक्रार क्रमांक, मेसेज, सगळं अगदी कंपनीसारखं. तासाभरात दोन पोरं गाडीवर हजर. गळ्यात ओळखपत्र, अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट.

त्यातल्या मोठ्या पोराने मागची जाळी काढली, आतल्या काळ्या डब्यावर, म्हणजे फ्रिज थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरवर, हात ठेवला आणि म्हणाला, "काकू, कॉम्प्रेसर गेला तुमचा. हात लावून बघा, कसा तापलाय." मी हात लावला. चटका बसला. मला तोच पुरावा वाटला! चालता कॉम्प्रेसर गरम असतोच, हे मला नंतर मामूंनी सांगितलं. त्या पोराने मीटर बाहेर काढलाच नाही. कॉम्प्रेसरला तीन पिना असतात, मीटर लावून त्यांच्यातला रोध मोजला की वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, शाबूत आहे की जळालंय ते दोन मिनिटांत कळतं. मीटर न लावता जो कॉम्प्रेसर गेला म्हणतो, त्याला तिथूनच वाटेला लावा.

मग हिशेब. कॉम्प्रेसर 4,900, गॅस 2,200, फिल्टर 350, वेल्डिंग आणि मजुरी 900, व्हिजिट 350. एकूण 8,700. जुना कॉम्प्रेसर कंपनी परत घेते म्हणून 500 वजा. 8,200. आणि मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "नाहीतर काकू, एक्स्चेंजमध्ये नवा घ्या. याचे 1,500 देतो, वरचे 24,000 भरा. पण मी म्हणीन, बॉडी चांगली आहे, उगी कशाला खर्च?" इथे मी विरघळले. विकायला आलेला माणूस नवं घेऊ नका म्हणतोय म्हणजे प्रामाणिक असणार, असं वाटलं. 24,000 च्या शेजारी 8,200 ठेवले की ते थोडेच दिसणार! बिघाड नेमका काय आहे आणि त्याला किती लागतात, हा प्रश्न त्या तुलनेत माझ्या डोक्यातून पुसलाच गेला. मुलांना रोज सांगते, आधी उदाहरण नीट वाचा.

ॲडव्हान्स 4,000 क्यूआर कोडवर भरले. स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं आलं. विचारलं तर म्हणाला, "फ्रँचायझी आहे काकू." बरं म्हणाले आणि पिन टाकला.

दुसऱ्या दिवशी, 22 तारखेला, ते खोकं घेऊन आले. आता जे सांगते ते रोज रात्री डोळ्यांसमोर येतं. तपकिरी खोकं, त्यावर कॉम्प्रेसरचं चित्र, वरून रुंद चिकटपट्टी मारलेली. धाकटं पोरगं दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत घेऊन आलं, जड होतं. फ्रिज ओढून अंगणात, शेडखाली घेतला. मोठा म्हणाला, "काकू, नवा गॅस पेट घेतो, तुम्ही आत बसा, दार लावून घ्या." हेही खोटं नाही. फ्रिजच्या मागे आर-600ए लिहिलेलं आहे आणि तो गॅस ज्वलनशील असतोच. खऱ्या गोष्टीची भीती घालूनच त्याने मला आत बसवलं. मी सासूबाईंजवळ बसून पेपर तपासले. चाळीस मिनिटांत हाक आली, "झालं काकू."

बाहेर आले. फ्रिज घूंऽऽ करून चालू. कॉम्प्रेसर काळाकुळकुळीत, रंगाचा वास येतोय. आणि धाकटं पोरगं तेच खोकं पोटाशी धरून फाटकाकडे निघालेलं, आत म्हणे जुना कॉम्प्रेसर. खोक्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. फाटलेली नव्हती, उचकटून पुन्हा चिकटवलेली नव्हती. एका टोकाला ती थोडी दुमडलेली होती, येताना होती तशीच. मी ते पाहिलं. पाहिलं म्हणजे अगदी स्पष्ट पाहिलं. मनात आलंसुद्धा की अरे, हे उघडलं कधी? आणि त्याच क्षणी मोठ्या पोराने मोबाइल पुढे केला, "काकू, 4,200." आत सासूबाई हाक मारत होत्या. मी पैसे भरले.

एक शब्द विचारला असता. "खोकं खाली ठेव, उघडून दाखव." एवढंच.

शिवाय कॉम्प्रेसर बदलायचा तर तांब्याच्या नळ्या कापाव्या लागतात, वेल्डिंगचा टॉर्च पेटवून जोड मारावे लागतात, व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या कराव्या लागतात, मग गॅस वजन करून भरायचा. पोरांकडे एक पिशवी आणि एक छोटा डबा, बस्स. टॉर्च नाही, पंप नाही, वजनकाटा नाही. आगीच्या भीतीने मला आत घातलं आणि बाहेर आग पेटलीच नाही.

11 मे, रविवार. एकोणीस दिवसांनी पुन्हा 'टक्'. त्यांनी दिलेला मोबाइल नंबर बंद. कस्टमर केअरचा नंबर लागला, पण नाव सांगितल्यावर कट. सात वेळा लावला, सातही वेळा कट.

तेव्हा मामूंकडे गेले. मान खाली घालून. ते आले, जाळी काढली, टॉर्च मारला, थिनरच्या फडक्याने कॉम्प्रेसर पुसला. काळा रंग फडक्यावर आला आणि खालून जुनं स्टिकर निघालं, त्यावर साल 2016. नळ्यांचे जोड दाखवले, जुने, काळवंडलेले, धूळ बसलेले. "बाई, ह्याला तर कोणी हातच लावला नाही. तोच हाय कॉम्प्रेसर, कंपनीतून आलेला." मग बाजूची प्लास्टिकची डबी काढली, काडेपेटीहून थोडी मोठी. रिले. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा पार्ट. पहिल्यांदा तोच गेला होता. पोरांनी तिथे हलका रिले टाकला आणि तो आमच्या व्होल्टेजमध्ये एकोणीस दिवसांत जळाला. मामूंनी नवा रिले टाकला 280 ला, हाताचे 200 घेतले. 480 रुपये. फ्रिज आजही चालू आहे.

म्हणून सांगते, टक्-टक् आवाज येत असेल तर आधी रिले बघायला सांगा. कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी.

यापुढचं तर आणखी वाईट आहे. कपाटातल्या फाइलमध्ये वॉरंटी कार्ड होतं. कॉम्प्रेसरवर 10 वर्षं. म्हणजे कॉम्प्रेसर खरंच गेला असता तरी तो मला फुकट मिळाला असता, गॅस आणि मजुरीचेच पैसे लागले असते. कार्डावर कंपनीचा खरा नंबरही छापलेला होता. मी कार्ड काढलं 12 मे ला! फ्रिज असो, मिक्सर असो, आधी कार्ड काढा आणि त्यावरचाच नंबर लावा. मोबाइलवर शोधून सापडलेला नंबर कंपनीचाच असेल असं समजू नका.

खऱ्या कंपनीला फोन केला. बावीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग उत्तर, "मॅम, तो नंबर आमचा नाही, तुम्ही मेल करा." मेल केला. आपोआप येणारं आभाराचं उत्तर आलं, त्यापुढे काही नाही. त्यांचं नाव, त्यांचा टी-शर्ट, त्यांचं चिन्ह छापलेला सर्व्हिस रिपोर्ट वापरून लोक लुटले जातायत आणि यांना मेल पाहिजे.

बँकेत गेले. "तुम्ही तुमच्याच पिनने पैसे पाठवलेत, आम्ही काय करणार?"

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दीड तास बाकावर. मग साहेब म्हणाले, "मॅडम, फ्रिज चालला ना एकोणीस दिवस? मग दुरुस्ती झाली की. हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, दुरुस्तीच्या नावाखाली न बदललेल्या पार्टचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही का? भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशाला आहे? त्यावर, "मग आरोपीचा पत्ता आणा." पत्ता मी आणायचा! ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव माझ्या मोबाइलवर आहे, व्यवहार क्रमांक आहे, तारीख-वेळ आहे. बँकेला त्यांनी एक पत्र दिलं तर खातेदाराचा पत्ता निघतो. दुसऱ्या खेपेला म्हणाले, सायबरच्या टेबलावर जा. त्या टेबलावर म्हणाले, पैसे समोरासमोर दिलेत, हे सायबर नाही. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच मागितली तर म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच असं फसायलात, तर आम्ही काय करावं?" सगळ्यांसमोर. तिथे माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील बसले होते.

शिकलेली आहे म्हणून मी फसायचं नाही, आणि फसले तर तक्रार करायची नाही? चार खेपा, चार अर्धे दिवस रजा, झेरॉक्स आणि रिक्षाचे 410 रुपये. लुटणाऱ्याला मात्र एक फोनसुद्धा गेला नाही.

ज्यांचे पैसे आत्ताच गेलेत त्यांनी माझ्यासारखे दिवस घालवू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन, खात्यातले पैसे पुढे सरकायच्या आत. ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि जिल्हा ग्राहक आयोगात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो आणि पक्कं बिल नसेल तर जीव जातो. माझ्याकडे त्यांचा तो रंगीत सर्व्हिस रिपोर्ट आहे, त्यावर जीएसटी क्रमांक नाही, दुकानाचा पत्ता नाही. बिल मागितलं होतं का? मागितलं होतं. "व्हॉट्सॲपवर येईल काकू" म्हणाला होता.

जुना पार्ट हातात घ्या. खोक्यात नाही, हातात. 500 कमी करतो म्हणाला तरी देऊ नका. आणि काम चालू असताना तिथेच खुर्ची टाकून बसा, तो काहीही म्हणू दे. एकट्या असाल तर शेजारच्या कुणाला बोलवा, पण त्याला एकटं सोडू नका.

परवा शाळेतल्या त्या बाईंच्या मोबाइलवरून तोच नंबर लावून बघितला. उचलला. तीच गोड आवाजाची बाई, तेच कंपनीचं नाव. मी माझा आवाज ऐकू दिला नाही. तारीख, वेळ आणि नंबर लिहून घेतला, त्या बाईंच्या वॉशिंग मशिनचे कागद माझ्या कागदांना जोडले. आता अर्ज दोघींचा आहे. सोमवारी पाचव्यांदा पोलीस ठाण्यात जाणार आहोत, आणि यावेळी पोच हातात पडल्याशिवाय त्या बाकावरून उठणार नाही.