सायबरपंक २०७७: बरेच महिने खेळल्यानंतर

पीएस५वर (प्लेस्टेशन ५ कन्सोलवर) हा गेम बरेच महिने खेळतोय. मुख्य कथा झाली, फँटम लिबर्टी हे एक्स्पान्शन, म्हणजे गेमला नंतर जोडलेलं नवं कथानक, झालं, आता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलाय आणि कंटाळा अजिबात आलेला नाही. तरीही पाचपैकी चारच स्टार देतोय.

आधी गेमबद्दल. ज्युडी या गेममधल्या पात्रासोबत पाण्याखाली उतरायचं मिशन घ्या. जलाशयात बुडालेलं तिचं लहानपणीचं गाव ती आपल्याला फिरून दाखवते: घर, चर्च, एकेक ओळखीची खूण. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे मिशन जास्तच मनाला लागेल. इतकं जीव ओतून लिहिलेलं काम मोठ्या गेममध्ये क्वचित दिसतं. सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटनंतर मारामारीलाही मजा आलीय. पर्क, म्हणजे आपल्या पात्राला मिळणारी कौशल्यं, नव्याने रचलेत, पोलीस गाडीतून पाठलाग करतात. २०२०मध्ये हेच पोलीस गुन्हा घडला की पाठीमागे हवेतून उगवायचे! मेट्रोचंही तसंच. २०१८च्या ट्रेलरची सुरुवातच मेट्रोने होते, पण गेममध्ये तिच्यात बसून शहर बघत जाता आलं ते डिसेंबर २०२३च्या २.१ अपडेटमध्ये.

आता एक स्टार का कापला ते. तीनदा तारीख पुढे ढकलून गेम १० डिसेंबर २०२०ला आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायलाही मनाई होती. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे लोकांना कळलं ते पैसे भरल्यावर. तोवर प्रीऑर्डरच ८० लाखांच्या घरात गेल्या होत्या. जुन्या कन्सोलवर चेहरे धूसर, फ्रेम रेट कोसळल्याने चित्र अडखळणारं, मध्येच क्रॅश. पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या पुढे गेली की खराब व्हायची. म्हणजे जो मन लावून जास्त खेळला, त्याचीच मेहनत पाण्यात. आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या स्टोअरवरून काढला आणि रिफंड सुरू केले. तो परत आला थेट जून २०२१मध्ये.

भारतात पीएस५ची विक्रीच २ फेब्रुवारी २०२१ला सुरू झाली. त्यामुळे इथे प्लेस्टेशनसाठी पहिल्याच दिवशी गेम घेणारे जवळपास सगळे पीएस४वालेच होते. जुन्या कन्सोलवर गेम आधीच दाखवायला हवा होता, असं गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने माफीनाम्यात मान्य केलं. पुढची तीन वर्षं त्यांच्या लोकांनी खपून गेम दुरुस्त केला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण २.० आणि फँटम लिबर्टी पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आलंच नाही. ज्यांनी भरवशाने सगळ्यात आधी पूर्ण किंमत मोजली, त्यांच्यासाठी गेम १.६ अपडेटच्या आसपास थांबला. माझ्यासारख्या उशिरा आलेल्याला मात्र तयार गेम मिळाला. ही गोष्ट मला खरंच खुपते. गेम तयार नव्हता तर पीएस४ची आवृत्ती विकायलाच नको होती.

घ्यायचा असेल तर पीसी, पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीजवर घ्या, आणि जमलं तर फँटम लिबर्टीसकट. पीएस४ असेल तर नका घेऊ. सेकंडहँड बाजारात पीएस४ची डिस्क मिळाली आणि तुमच्या पीएस५ला डिस्क ड्राइव्ह असेल, तर खुशाल घ्या. त्या डिस्कवर पीएस५ची आवृत्ती फुकट डाउनलोड करता येते, फक्त खेळताना डिस्क आत ठेवावी लागते.