दही यंत्राची टीं-टीं आणि माझं पोट: सात महिन्यांचा अनुभव

१४ जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, यंत्राने मान टाकली. दिवा लागतो, आकडे पळतात, आठ तासांनी टीं-टीं सुद्धा इमानदारीत होते, पण झाकण उघडलं तर आत दूधच. गार दूध. नाशकात जानेवारीत पहाटे नळाखाली हात धरवत नाही, तिथे विरजलेल्या दुधाने आपणहून काय लागायचं?

किती लिटरचं, किती वॅटचं, भांडं स्टीलचं की काचेचं, हे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यात मी शिरत नाही. एक लिटरचं साधं मॉडेल, सेलमध्ये १,७९९ रुपयांना घेतलं. माझा हिशेब असा: पिशवीतलं दही किलोला ७५, गायीचं दूध लिटरला ५८, विजेचा दीड रुपया. म्हणजे दर लावणीला साडेपंधरा रुपये सुटतात. एक दिवसाआड लावलं तर महिन्याला २३२. यंत्र १४ जूनला घेतलं, १४ जानेवारीला गेलं. पैसे वसूल व्हायला फक्त २२ दिवस बाकी होते. कंपनीवाल्यांनी माझी वही चोरून वाचली की काय, अशी शंका येते.

घेतलं का, तर पोटामुळे. दहा वर्षांपासून ॲसिडिटी. सकाळी उपाशीपोटी गोळी, रात्री छातीत जळजळ, मधे चहा. मे महिन्यात एंडोस्कोपी झाली आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी निघाला. हा तोच जंतू, जो जठरात अल्सर करतो हे सिद्ध करायला ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं होतं. पुढे २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. मला नुसतं बिल मिळालं. चौदा दिवस दोन अँटिबायोटिक्स आणि ॲसिड कमी करणारी गोळी. जंतू गेला, पण पोटाची पार धर्मशाळा झाली. तीन आठवडे कधी जुलाब, कधी काहीच नाही, तोंडाला कडू चव. आणि चिडचिड. हिचं म्हणणं, चिडचिड आधीपासूनच होती, आता फक्त निमित्त सापडलं.

केमिस्टने चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल काढून दिल्या, एक २५ रुपयांना. मुलगी पुण्यात मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती फोनवर म्हणाली, "बाबा, थांबा जरा." इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात म्हणे अँटिबायोटिक्सनंतर अशा कॅप्सूल घेतलेल्या लोकांच्या आतड्यातली मूळची वस्ती परत यायला उलट जास्त वेळ लागला. अभ्यास लहान होता, हेही तिनेच सांगितलं. पण दिवसाला ५० रुपये वाचवायला मला तेवढा पुरे होता. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, "सरसकट गरज नाही. घरचं दही खा, ताक प्या."

आता घरचं दही म्हणजे आईचं खातं. आई थंडीत दुधाचं पातेलं कणकेच्या डब्यात पुरून ठेवते, वर जुनी शाल. यंत्राचं खोकं बघून म्हणाली, "दह्याला वीज लागते होय रे?" पण तिचं दही कधी कवडीसारखं, कधी तार धरलेलं, आणि पावसाळ्यात तर देवाच्या मर्जीवर. यंत्राचं रोज सारखं. घट्ट, गोडसर, कापलं तर वडी निघेल असं. आत साधारण ४२ अंश तापमान राहतं आणि दही लावणाऱ्या जंतूंना ४० ते ४५ च्या मधे बरं वाटतं. दह्यासाठी पाचपैकी पाच. आईनेही तिसऱ्या दिवशी न बोलता दुसरी वाटी घेतली.

आता मूळ दुखणं. टीं-टीं.

आठ तास झाले की हे यंत्र ओरडतं. तीन वेळा टीं, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा तीन वेळा. बटण दाबेपर्यंत दर मिनिटाला. आवाज कमी करायची सोय नाही, बंद करायची नाही, वेळ बदलायची नाही. आठ तास म्हणजे आठ तास. दही काय पळून जाणार आहे का? पहिल्या दिवशी हिने संध्याकाळी साडेसातला लावलं. पहाटे साडेतीनला मला वाटलं, गॅसच्या सिलिंडरला काहीतरी झालंय. आई उठून देवाचं नाव घ्यायला लागली. खालच्या मजल्यावरचे काका सकाळी जिन्यात भेटले तर म्हणाले, "नवीन बाळ आलंय का?"

मी त्या आवाजावर काय काय केलं नाही! जाळीवर चिकटपट्टी लावली, तिच्यावर कापूस, कापसावर आणखी पट्टी. आवाज तेवढाच, फक्त सर्दी झाल्यासारखा. गोधडी घातली तर आतून गरम व्हायला लागलं, दही फाटून पाणी सुटलं. कंपनीला तीन मेल केल्या. उत्तर आलं की हे वैशिष्ट्य ग्राहकांच्या सोयीसाठी आहे. कोणते ग्राहक, ते एकदा दाखवा मला.

शेवटी हिने निकाल दिला: यंत्र तुमचं, विरजण तुम्ही लावायचं. मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, साडेआठला डबा आणि ताकाची बाटली घेऊन निघतो. दही फ्रिजमध्ये दोन तास तरी बसायला हवं, नाहीतर ताक कोमट आणि वाटेत आंबट होतं. म्हणजे सहाच्या आत तयार पाहिजे. पण पाचच्या आधी ओरडलं तर घरात महाभारत. म्हणून रात्री नऊ ते दहा, एवढीच फट उरली. त्यासाठी आठला दूध तापवायचं आणि बोटाला सोसेल इतकं निवेपर्यंत थांबायचं. त्या सव्वा तासात ओट्यापाशी उभं राहून करायचं काय? जेवून घ्यायचं.

जुलैअखेर माझी जळजळ गेली. ऑगस्टमध्ये डॉक्टरांना विचारून सकाळची गोळी बंद केली. झोप लागायला लागली. रात्री तीनला उठून छताकडे बघत रिटर्नच्या तारखा मोजणं थांबलं. मी भेटेल त्याला दह्याची महती सांगत सुटलो. बरणीतून विरजण वाटलं. व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं पुढे ढकललं: पोटात दोन किलो जंतू असतात, आनंदाचं रसायन पोटातच तयार होतं, दही खा आणि सुखी व्हा.

यावर मुलीने गणपतीला घरी आल्यावर माझी शाळा घेतली. जंतूंचं वजन दोन किलो नाही, दोनशे ग्रॅमच्या आसपास. संख्या मात्र ३८ लाख कोटींच्या घरात, आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडी जास्तच. ते आनंदाचं रसायन, म्हणजे सेरोटोनिन, नव्वद टक्के आतड्यात बनतं हे खरं, पण ते तिथून थेट मेंदूत जात नाही. पोट आणि मेंदू यांचं बोलणं होतं ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून, शिवाय रक्तातून जाणाऱ्या इतर रसायनांतून. "आणि बाबा, दह्यातले जंतू पाहुणे असतात. येतात, चार दिवस राहतात, जातात. घरची मंडळी वेगळी, त्यांना जेवायला काय घालता ते सांगा."

घरच्या मंडळींना लागतो चोथा. आपल्याला न पचणारा भाग ते खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल करतात, ज्यावर मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात. मी दुपारी डब्यात पोळी-बटाटा आणि चारला बिस्किटं खाणारा माणूस. त्या मंडळींनी माझ्याकडे दहा वर्षं उपासच काढले असणार. तेव्हापासून डब्यात मटकीची नाहीतर चवळीची उसळ आली, थंडीत बाजरीची भाकरी, आणि फोडलेला कांदा. कांद्यात इन्युलिन नावाचा चोथा असतो, तोही त्यांच्याच कामाचा. पहिले दहा दिवस ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्याचे हाल झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. चोथा हळूहळू वाढवायचा असतो, हे मला नंतर कळलं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये ३६ जणांवर दहा आठवडे प्रयोग केला होता, तोही तिनेच दाखवला. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंचे प्रकार वाढले, सूज दाखवणारी रक्तातली प्रथिनं कमी झाली. मी लगेच आईकडे बघितलं. पण ती मंडळी दिवसाला असे पदार्थ सहा वेळा वाढून घेतल्याइतके खात होती. माझी एक वाटी आणि एक बाटली ताक. कढी मोजायची नाही, ती उकळली की जंतू गेले. श्रीखंडाचं तर नावच काढायचं नाही.

तरीही मी दह्यावर ठाम होतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझा पाय घसरला. ऑडिट रिपोर्टची ३० तारीख डोक्यावर, घरी यायला रोज दहा. दही हिने लावलं, ताक नेलं, उसळ खाल्ली, सगळं जसंच्या तसं. फक्त जेवण साडेदहाला आणि अकराला आडवा. चौथ्या रात्री छातीत तीच ओळखीची जळजळ. म्हणजे जळजळीपुरतं श्रेय दह्याचं नव्हतंच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास सुटले पाहिजेत, हे मला दोन डॉक्टरांनी दहा वर्षं सांगितलं होतं. मी ऐकलं कुणाचं, तर एका भोंग्याचं. रिकाम्या आतड्यातून दर दीड-दोन तासांनी एक लाट फिरते, उरलंसुरलं पुढे ढकलते, झाडू मारल्यासारखी. खाल्लं की ती थांबते. मी रात्री अकरापर्यंत त्या झाडूवालीला आत येऊच देत नव्हतो.

एवढं समजूनही त्या टीं-टींवरचा राग काही कमी झाला नाही. माणूस उपकार करणाऱ्यावर जास्त चिडतो बहुतेक.

तर यंत्र बंद पडलं. वॉरंटी वर्षाची, म्हणून निर्धास्त होतो. ग्राहक सेवेच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, दूध कोणतं वापरता?" म्हटलं, गायीचं. "म्हशीचं वापरून बघितलं का?" यंत्र गरम होत नाहीये हो! मग म्हणाल्या, बंद यंत्राचा तीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. न तापणाऱ्या भांड्याचा व्हिडिओ मी काढला, तीस सेकंद काहीही घडत नाही. पाठवल्यावर उत्तर आलं, मूळ खोक्यातच पाठवावं लागेल, जाण्याचं कुरिअर तुमच्या खर्चाने. खोकं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेलं. खोक्याशिवाय चालेल का? चालणार नाही. कुरिअरचे २४० रुपये ऐकल्यावर मीच फोन ठेवला. सेवेला एक तारा, तोही त्या बाई शेवटपर्यंत चिडल्या नाहीत म्हणून.

अपडेट, २१ जानेवारी. रविवार कारंज्याजवळ मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो. त्याने तळाचे चार स्क्रू काढले, मीटरची एक तार इकडे लावली, एक तिकडे. "काका, फ्यूज उडालाय." गरम होणाऱ्या पत्र्याला चिकटलेला, शेंगदाण्याएवढा. दहा रुपयांची वस्तू, मजुरी धरून ८० रुपये. यंत्र उघडंच होतं, तेवढ्यात मला हिरव्या पाटीवर काळी गोल डबी दिसली, मधे टाचणीएवढं भोक. हीच ती. म्हटलं, ही काढता येईल? त्याने कात्रीने दोन पाय कापले आणि डबी ड्रॉवरमध्ये टाकली. त्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. यंत्राला साडेचार तारे. ज्यांना आवाजाचा त्रास आहे त्यांनी वॉरंटी संपल्यावर बिनधास्त हे करावं.

अपडेट, १७ फेब्रुवारी. वरचे साडेचार तारे मागे घेतो.

यंत्र मूक झालं, तसं ते कधीही लावता येतं. ही दुपारी तीनला लावते, रात्री अकराला काढते, कुणाला पत्ता नाही. दही तसंच झकास. मला आठला घरी यायचं कारणच उरलं नाही. आधी नऊ झाले, मग साडेनऊ, गेला आठवडाभर दहा. परवा रात्री दीडला उठून ओट्यापाशी उभ्याने थंड ताक पीत होतो. आई पाणी प्यायला उठली होती. यंत्राकडे बघून म्हणाली, "गप बसवलंस ना त्याला?"

मोबाइलवर गजर लावून बघितला. तो मी झोपेत नाही, जागेपणीच बंद करतो.

काल पुन्हा रविवार कारंज्याला गेलो. मुलगा ओळखून हसला. डबी ड्रॉवरमध्ये नाही, त्याने ती दुकानाच्या बेलला लावली आहे, गिऱ्हाईक आलं की टीं. काढून परत बसवायचे ५० रुपये म्हणतो. काढताना फुकट, बसवताना ५०! मी २० म्हटलेत. शनिवारी पुन्हा जाणार आहे.