एन्झाइमवाली पावडर: रक्ताला चार तारे, हळदीला शून्य

दर्यापूर तालुक्यात माझी लॉन्ड्री आहे. इस्त्री नावालाच, खरा धंदा दवाखान्यांच्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे गाऊन आणि लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या पांढऱ्या खोळी. बी.एस्सी. केमिस्ट्री करून धुणं धुतो म्हणून गाव हसलं, हसू द्या. पाकिटावर ‘प्रोटीएज, अमायलेज’ ही एन्झाइमची, म्हणजे डागाचे तुकडे पाडणाऱ्या प्रथिनांची, नावं छापलेली वाचून मीच ही निळ्या दाण्यांची पावडर आणली. साध्या पावडरीपेक्षा जवळपास दीडपट महाग.

वाळलेल्या रक्ताला तोड नाही. पूर्वी ब्रशनं घासून घासून गाऊन विरायचे. आता संध्याकाळी कोमट पाण्यात भिजत घालतो. सकाळी टबातलं पाणी काळ्या चहासारखं झालेलं असतं, डागाची कड सुटलेली असते, हातानं दोनदा चोळलं की काम झालं. रक्तातलं प्रथिन धाग्याला धरून बसतं. प्रोटीएज त्याचे तुकडे पाडतं आणि ते पाण्यात विरघळतात. हे करताना एन्झाइम स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून चिमूटभर पुरतं. मात्र वेळ द्यावा लागतो. घाईच्या गिऱ्हाईकानं साधी पावडर घ्यावी.

धुणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी बिचकल्या. “भाऊ, याच्यात जंतू हायेत म्हन्तेत, हाताले काही होईन का?” जंतू नसतात, मावशी. बॅसिलस जातीचे जिवाणू कारखान्यात मोठ्या टाक्यांत वाढवतात, ते एन्झाइम बाहेर सोडतात, तेवढं गाळून घेतात. 1913 मध्ये जर्मनीच्या ओटो रोम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम धुण्यात वापरलं होतं, पण सोड्याच्या पाण्यात ते नीट टिकत नव्हतं. जिवाणूचं प्रोटीएज टिकलं. ते घातलेली पावडर स्वित्झर्लंडमध्ये 1959 साली आली. पुढं साठच्या दशकाच्या शेवटी अशा पावडरीच्या कारखान्यांत कामगारांना धुळीनं दमा होऊ लागला, तेव्हापासून एन्झाइमला वरून लेप देऊन दाणे करतात. ते दाणे बोटांनी चुरू नका. आणि हातमोजे घालाच, पावडरीतला सोडा हात खातो.

“उकयतं पानी टाकू काय?” हा दुसरा प्रश्न. नाही! उकळत्या पाण्यानं रक्त धाग्यात पक्कं बसतं आणि एन्झाइमही मरतं. दवाखान्याच्या चादरी उकळाव्या लागतातच, पण भिजवणं झाल्यावर. ब्लीचही शेवटीच. एकत्र टाकलं तर दीडपट पैसे नालीत.

आमचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याला साबण फेस देत नाही, चादरी राखाडी पडतात. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला नडतं. प्रोटीएजला मात्र तेच लागतं, त्यानं त्याच्या रेणूची घडी घट्ट राहते. पण मळ काढायचं उरलेलं काम साबणाचंच, त्यामुळे खाऱ्या पाण्यात पावडर थोडी जास्तच लागते.

खोळींवरच्या वरणातलं, भाताच्या पेजेतलं स्टार्च अमायलेज खातं. खळ म्हणजेही स्टार्चच, कापड गिरण्यांत सुताची खळ काढायलाही हेच वापरतात. म्हणून पुढाऱ्यांच्या कडक कुर्त्यांना खळ धुऊन झाल्यावरच घालायची. हळदीपुढं मात्र पावडर हात टेकते. सोड्यानं डाग उलट लालभडक होतो. त्याला वैशाखाचं ऊनच पाहिजे. रेशमी लुगडं, लोकरीची शाल या पावडरीच्या पाण्यात बुडवू नका. रेशीम नि लोकर म्हणजेही प्रथिनच.

तक्रार विक्रेत्याची. तालुक्याच्या एका दुकानदारानं पावसाळ्यात उघड्या पोत्यातली सुटी पावडर दिली. फेस भरपूर, रक्त जागच्या जागी. ओल लागली की एन्झाइमचा जोर जातो, फेसावरून ते कळत नाही. परत घ्यायला तो तयार नव्हता. तेव्हा बंद पाकीटच घ्या, तारीख बघा, आणि आषाढ-श्रावणात एक किलोच्या वर भरून ठेवू नका.