गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक जेल : तीन महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या ७१ वर्षांच्या आईच्या उजव्या गुडघ्याची झीज झालेली आहे. गेल्या पावसाळ्यात जिना चढणे अशक्य झाले, तेव्हा घरात उरलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या आम्ही डॉक्टरांना न विचारताच तिला दिल्या. दुखणे दोन दिवसांत ओसरले. परंतु आठवडाभरात घोटे सुजले, छातीत जळजळ सुरू झाली आणि एरवी औषधाने आटोक्यात असलेला रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळ्या त्याच दिवशी थांबवून मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली आणि तिचा निष्कर्ष ठीक आल्यावर याच औषधाचे १ टक्का जेल लिहून दिले.

गोळीने इतके सारे का व्हावे, हे मी नंतर समजून घेतले. इजा झालेल्या पेशींमध्ये सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे सूज व वेदना वाढतात. डायक्लोफेनॅक ज्या गटातले आहे ती ॲस्पिरिनसारखी औषधे हीच निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अडचण अशी, की हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. म्हणून गुडघ्यासाठी घेतलेली गोळी जठरात व्रण आणि रक्तस्राव घडवू शकते, अंगात मीठ-पाणी साठवू शकते आणि हृदयविकाराचा धोका वाढवू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारे औषध चालू असताना तिची भर पडली, तर मूत्रपिंड अचानक निकामी होण्याची भीती असते. आईला ही दोन्ही औषधे चालू होती, हे आठवले की आजही अस्वस्थ वाटते. ‘जेवणानंतर घेतली की काही होत नाही’ हा आमच्या घरातला समज पूर्णपणे चुकीचा होता, कारण हा परिणाम रक्तातूनही होतो.

एका गुडघ्याला ठरलेल्या मात्रेत जेल लावल्यास रक्तात उतरणारे औषध गोळ्यांच्या तुलनेत सुमारे ६ टक्केच असते. गुडघ्याचा सांधा त्वचेपासून फार खोल नसल्यामुळे ते तिथपर्यंत पोहोचते. खोलवर असलेल्या खुब्याच्या सांध्यासाठी मात्र त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पहिले दहा दिवस आम्हाला काहीच फरक दिसला नाही, आणि त्यात दोष औषधाचा नव्हता. आई वाटाण्याएवढे जेल घेऊन चोळत होती. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा मात्र एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून तीनदा, अशी होती. त्या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपते! अमेरिकेत या जेलबरोबर मात्रा मोजण्याची पट्टी मिळते. आम्ही घेतलेल्या एकाही खोक्यात ती नव्हती, आणि या उत्पादनाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. दुकानात बहुतेक वेळा मेंथॉल व मिथाइल सॅलिसिलेट मिसळलेले जेल पुढे केले जाते. त्याने थंडावा वाटतो, परंतु आईच्या त्वचेवर त्याने पुरळ उठले, म्हणून आम्ही आता साधे जेलच मागून घेतो.

योग्य मात्रा सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी आई कठडा धरून एक मजला चढू लागली. गोळीइतका झटपट आराम मिळत नाही आणि झिजलेली कूर्चा याने भरून येत नाही, त्यामुळे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालूच आहेत. जेल लावल्यावर हात धुवावेत, जखमेवर ते लावू नये आणि त्यावर शेक देऊ नये. दम्याच्या ज्या रुग्णांना ॲस्पिरिनने धाप लागते त्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. आईचा रक्तदाब पूर्वपदावर आला आहे आणि घोट्यांची सूज पुन्हा आलेली नाही. दुखणे कमी असेल त्या दिवशी ती आता एकदाच जेल लावते, आणि घरातल्या उरलेल्या गोळ्या आम्ही टाकून दिल्या आहेत.